परळच्या संशोधन संस्था सायटेशनवर तोलायच्या का?

परळकर:
एका मित्राने परळच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेचा तक्ता पाठवला. पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत मिळालेले हवाले) किती, एच-इंडेक्स (२० असेल तर किमान २०-२० हवाले मिळालेले २० पेपर) किती. खाली शेरा: ‘परदेशापुढे आपण कुठेच नाही.’ मला ही मोजपट्टीच पटत नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये मांडला. आज तो पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे मूळ पेपरचा हवाला द्यायची गरज फारशी कुणाला पडत नाही. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ वाटतो, पण त्या रुग्णाला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. रक्तपेढीत ही चूक वेळीच पकडली जाते, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

ग्रंथपाल, दादर:
एका जुन्या पेपरवरून निकाल नको. टाटा मेमोरियलचा २०१५ चा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला पेपर घ्या. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असताना मानेतल्या लसिकाग्रंथी लगेच काढायच्या, की त्यात कॅन्सर दिसल्यावर? लगेच काढलेल्यांत ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात, दुसऱ्या गटात ६७.५. सर्जन त्याचा हवाला देतात, कारण जुना वाद त्याने सोडवला. मग सायटेशन खोटं कसं? जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ‘आमचं काम मोजता येत नाही’ म्हटलं, की काहीच न करणाराही त्याच आडोशाला उभा राहतो. चूक आहे ती इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला चिकटवण्यात. तो जर्नलचा आकडा, आदल्या २ वर्षांच्या लेखांना सरासरी किती हवाले मिळाले त्यावरून काढलेला.

निवासी डॉक्टर:
आकडा वाढतो कसा, तेही बघा. माझ्या प्रबंधातले नमुने मी रात्री बारापर्यंत बसून तपासले. पेपरवर पहिलं नाव ज्यांचं लागलं, त्यांनी एक स्लाइडही पाहिली नव्हती. बढतीला पेपर लागतात, दुसरं काय! फार मनाला लागलं.

परळकर:
हेच म्हणतोय मी. टाटाचीच दुसरी चाचणी बघा: मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायका. आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का बघायच्या. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, २०१३ साली शिकागोतल्या कॅन्सर परिषदेत मांडलं. आज किती दवाखान्यांत ही तपासणी होते, तो रकाना तक्त्यात हवा.

ग्रंथपाल, दादर:
तो रकाना हवाच, मान्य. पण सायटेशनचा खोडू नका. स्वतःच स्वतःचे दिलेले हवाले वजा करा, आणि कोणत्या लेखकाने नेमकं काय केलं ते पेपरवरच छापायला लावा. या डॉक्टरांच्या रात्री तिथे दिसल्या असत्या.