ख्रिस्ती होणे म्हणजे नेमके काय, आणि त्यानंतरचे जगणे कसे असते?

भीमाकाठ (प्रश्न) :

सर्वांना नमस्कार. आमचे घर वारकरी आहे. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात मांसाहार नाही, आणि आषाढीची वारी त्यांनी कळत्या वयापासून सहसा चुकवलेली नाही. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर एका सहकाऱ्याबरोबर मी रविवारच्या उपासनेला जाऊ लागलो, नवा करार सावकाश वाचून काढला, आणि आता येशू ख्रिस्तावर माझा विश्वास आहे असे मी स्वतःशी तरी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पुढचे मात्र काही केल्या उलगडत नाही, कारण ज्याला विचारावे त्याचे उत्तर वेगळे. एक जण म्हणतो, मनापासून प्रार्थना केलीस त्याच क्षणी तू ख्रिस्ती झालास. दुसऱ्याच्या मते बाप्तिस्मा होईपर्यंत मी बाहेरचाच. तिसऱ्याने तर घरचा प्रसाद आजपासून तोंडात घालू नकोस, असे बजावले आहे.

ख्रिस्ती होणे हे नेमके कशाने घडते, आणि त्यानंतर रोजच्या जगण्यात काय बदलते किंवा बदलायला हवे, हे मला जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे. मी घरातला थोरला मुलगा आहे. उद्या वडिलांचे क्रियाकर्म माझ्याकडे येईल, हा विचार मनातून जात नाही. कोणत्या धर्मात काय खोट आहे, यावर कृपया येथे वाद घालू नये.

जुना नगरकर :

भीमाकाठ, आपण विचारलेला पहिला प्रश्न मंडळीइतकाच, म्हणजे चर्चइतकाच, जुना आहे. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत कूशी देशाच्या एका अधिकाऱ्याची गोष्ट येते. गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो, फिलिप्प त्याला अर्थ उलगडून सांगतो, वाटेत पाणी दिसताच तो रथ थांबवतो आणि तिथल्या तिथे त्याचा बाप्तिस्मा होतो. पुढच्या दोनशे वर्षांत मात्र चित्र पालटले, आणि उमेदवाराला काही ठिकाणी तीन तीन वर्षे शिक्षण देऊन, त्याचे वागणे पारखून मगच पाण्यात उतरवण्याची रीत पडली. दोन्ही गोष्टी ख्रिस्ती परंपरेतल्याच आहेत. म्हणून आपल्याला भेटलेल्या तिघांपैकी पहिल्या दोघांना मी चूक म्हणणार नाही; दोघांच्या हाती एकेक टोक आहे, इतकेच. विश्वास ही आतली गोष्ट, बाप्तिस्मा ही चारचौघांत दिलेली कबुली, आणि मंडळी हे त्या कबुलीला धरून जगण्याचे ठिकाण. या तिन्हींतले एक जरी वगळले तरी काही काळाने माणूस लंगडू लागतो, असे पाळक (मंडळीचा धर्मगुरू) म्हणून मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्या विदुषी म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि बाप्तिस्म्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींशी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीसारख्या) विषयांवर त्यांचे खटके उडतच राहिले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ख्रिस्ती होण्यासाठी तो सोडावा लागतो हे त्यांना पटण्यासारखेच नव्हते. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, आणि प्रत्यक्ष ख्रिस्त त्यानंतर कित्येक वर्षांनी. याचा अर्थ वाँटेजचा बाप्तिस्मा खोटा होता असा त्यांनी लावला नाही, आणि आपणही लावू नये. काहींच्या बाबतीत क्रम उलटा असतो, आपला तसा दिसतो.

प्रसादाचे म्हणाल, तर तिसऱ्या गृहस्थांनी नव्या करारातले करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय आठ आणि दहा, पुन्हा वाचावेत. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, याच प्रश्नावर प्रेषित पौलाने तिथे सविस्तर लिहिले आहे. तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नाही, अन्नामुळे आपण देवाच्या जवळ किंवा दूर जात नाही. जेवायला बोलावले असेल तर पुढे वाढलेले चौकशी न करता खा. मात्र हे वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, किंवा तुझे खाणे पाहून एखादा कच्चा भाऊ अडखळणार असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नकोस. देवळातल्या पूजाविधीत सहभागी होणे ही मात्र त्याच्या लेखी वेगळी बाब आहे, आणि तिथे तो सवलत देत नाही. आईने हातावर ठेवलेला शिरा आणि स्वतः बसून केलेली पूजा यांत फरक आहे, तो आपण ओळखालच.

वसईची शिक्षिका :

मी जन्माने कॅथलिक. आमच्याकडची घराणी पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती, आणि चर्चला आम्ही आजही देऊळच म्हणतो. आमच्या पद्धतीत प्रौढ माणसाला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, देण्याआधी बराच काळ शिकवणी असते. साधारण वर्षभर, कधी अधिकही. त्यात फक्त प्रार्थना पाठ करून घेत नाहीत, तर माणूस रविवारी येतो का, घरी कसा वागतो, घाई कशाची आहे, हेही पाहतात. मग पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण (विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि पहिले ख्रिस्तशरीर (वेदीवरची पवित्र भाकर) हे तिन्ही एकत्र दिले जातात. दिवे मालवलेले असतात, पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थान सणाच्या, मोठ्या मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते, आणि सैतानाला व त्याच्या सर्व कृत्यांना नाकारतोस काय, असे उमेदवाराला सगळ्यांदेखत विचारले जाते. तेव्हा आम्ही जुनी माणसेही हातात मेणबत्ती धरून तीच उत्तरे पुन्हा देतो. खरे सांगायचे तर आपण किती सवयीने ख्रिस्ती आहोत, हे मला दरवर्षी त्या रात्रीच जाणवते.

आता रोजच्या जगण्याविषयी. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उपवासकाळ, जपमाळ या गोष्टी अंगवळणी पडतात. त्यांत कठीण काही नाही. कठीण असते ती क्षमा. आमच्या दोन घरांत वाडीतल्या बावखलाच्या (तळ्याच्या) पाण्यावरून जुना तंटा होता, आणि मी दर रविवारी ख्रिस्तशरीर घेऊन परत येताना जाऊबाईंच्या दारावरून मान वळवून जात असे. पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांनी मला एकही प्रार्थना सांगितली नाही. आधी त्यांच्याकडे जाऊन ये, मग इकडे ये, असे म्हणाले. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातली ओळ शाळेत मी मुलांना शिकवत होते, पण ती मला उद्देशून आहे हे तोवर डोक्यात शिरले नव्हते. गेले एकदाची. पाण्याचा प्रश्न सुटला नाही, बोलणे मात्र सुरू झाले. आपण विचारता काय बदलते, तर हे असे काही बदलावे लागते, आणि एकदाच बदलून भागत नाही.

बिनधर्मी :

मी कोणताच धर्म मानत नाही, तरी लिहितो, कारण इथे एक बाजू राहून जाते आहे. धर्मांतराची चर्चा मनाच्या पातळीवर सुंदर वाटते, पण माणूस समाजात राहतो. भीमाकाठ अनुसूचित जातीतले नसतील तर हा मुद्दा त्यांना लागू नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांना असू शकेल : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. म्हणजे ज्याने माणूस म्हणून उभे राहण्यासाठी ख्रिस्ताचा हात धरला, त्याची सवलत गेली. आणि जात तरी सुटली का? नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची लग्ने ठरताना मूळ जात विचारली जाते की नाही, हे जुन्या नगरकरांनीच सांगावे.

जुना नगरकर :

विचारली जाते. उघड नाही, पण आजोळ कुठले, पूर्वीचे आडनाव काय, अशा आडवळणाने विचारली जाते, आणि त्याबद्दल मंडळीने लाज वाटून घ्यावी हे योग्यच आहे. अमेरिकन मिशनने १८३१ पासून नगरला काम केले, पुढे मोठ्या संख्येने लोक आले ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. त्यांच्या पंगती एक करण्यातच बरीच वर्षे गेली. ब्राह्मण नवख्रिस्त्यांनाही हा घास सहज गिळता आला नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्रात हे इतक्या निखळपणे लिहिले आहे की त्यावर मी काय भर घालणार. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे चालूच होते. देवाने माणसांत जाती केल्या असतील काय, हा विचार मनात शिरल्यावर आधी त्यांनी विटाळ सोडला, कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. म्हणून माझे मत असे की ज्याला पंक्तीत शेजारी कोण बसले आहे याचा अजून विचार पडतो, त्याने कितीही गोड प्रार्थना केली तरी त्याचे ख्रिस्ती होणे अर्धवट आहे, मग तो पाचव्या पिढीचा ख्रिस्ती का असेना. बिनधर्मी यांनी हे विचारले ते बरेच झाले.

भीमाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. नगरकर काका, ताई, आपण दोघांनीही घाई करू नये असेच सुचवले आहे, असे मी समजतो. आमच्या घरी तुकोबांचे अभंग रोज म्हटले जातात, आणि ते माझ्याकडून सुटतील असे मला वाटत नाही. सोडावेत असे मनातही येत नाही. पण वडिलांना कसे सांगावे, आणि क्रियाकर्माचे काय, हे अजून तसेच आहे.

कृष्णाकाठचा :

या प्रश्नातून मी गेलो आहे, म्हणून लिहितो. अभंगांची चिंता करू नका. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर आपले नाव बदलले नाही, अभंग आणि कीर्तन सोडले नाही, आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड सांगत. आज मराठी उपासनेत जी गीते म्हटली जातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. नाव, भाषा, कुंकू, जेवणखाण यांवरून माझ्याशी हुज्जत घालणारे विश्वासणारे मला भेटले, पण बायबलात मला त्यासाठी आधार सापडला नाही. पूजा मात्र मी थांबवली, आणि ती न दुखावता थांबवण्याची युक्ती अजून कोणी शोधलेली नाही.

वडिलांना मी बाप्तिस्म्याच्या आधी सांगितले. मंडळीतल्या काहींचा सल्ला होता की आधी उरकून घे, मग सांग, म्हणजे अडवायला कोणी राहणार नाही. तो मी ऐकला नाही, कारण ज्या कबुलीची सुरुवात घरच्यांपासून लपवून होते ती चारचौघांतली कबुली कसली? वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी एकच विचारले : मला खांदा देशील ना?

खांदा दिला. ते गेले तेव्हा तिरडी बांधण्यापासून स्मशानापर्यंत सगळीकडे मी होतो, अग्नी धाकट्या भावाने दिला, दहाव्याला पिंडदान त्यानेच केले. मी घाटावर बाजूला उभा राहिलो, आलेल्यांना पाणी दिले, आणि सगळा खर्च भावाच्या बरोबरीने उचलला. भावकीत कुजबुज झाली. एका चुलत्यांनी तोंडावर सुनावले. पण भावाशी हे सर्व आधीच बोलून ठेवले होते, त्यामुळे ऐन वेळी तमाशा झाला नाही. आपल्याला भाऊ नसेल तर पुतण्या, भाचा, कोणी तरी असेल. त्याच्याशी आणि वडिलांशीही वडील धडधाकट असतानाच बोलावे. हे अवघड वाटते, पण स्मशानात बोलण्यापेक्षा सोपे आहे. पिंडाला हात लावायचा की नाही, यावर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आढळतील. मी लावला नाही, कारण त्या विधीमागच्या श्रद्धेवर माझा विश्वास उरलेला नव्हता, आणि वडिलांच्या बाबतीत खोटे वागणे मला अधिक अपमानाचे वाटले.

एक व्यवहाराची गोष्ट, जी मला वकिलाकडून उशिरा कळली. धर्म बदलल्याने वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेली तुमची मुले तुमच्या हिंदू नातेवाइकांची वारस ठरत नाहीत, वारसा उघडेल त्या वेळी ती स्वतः हिंदू असल्याखेरीज. आणि लग्न झाले असेल तर हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. तेव्हा बायको असेल तर तिच्याशी सर्वांत आधी बोला, पाळकांशी त्यानंतर.

वसईची शिक्षिका :

कृष्णाकाठच्या दादांनी लिहिलेल्यात एवढीच भर घालते की स्नानसंस्कारासाठी धर्ममाता किंवा धर्मपिता निवडायचा असतो, आणि नवख्रिस्ती माणसाने तो ओळखीपाळखीतून नावापुरता धरू नये. घरचे दोन महिने बोलेनासे झाले तर ज्याच्या घरी जाऊन जेवता येईल, असा माणूस पाहावा.