जुन्या गुंडमचे पाय बाजूला का जात नाहीत? काही जुगाड?

विश्रामबागकर:
मंडळी, मावसभाऊ जपानवरून आला त्यानं गुंडमचे (जपानी कार्टूनमधला रोबो) प्लास्टिकचे जोडायचे दोन किट आणले, एक १९८० वालं १/१४४ (म्हणजे खऱ्या मापाच्या १४४ वा भाग, परत बाजारात काढलेलं) आणि एक एंट्री ग्रेड (नवशिक्यांसाठीचं सोपं किट). रोबो तोच, आरएक्स-७८-२, उंची पण सारखीच. पण एंट्री ग्रेडवाला गुडघे वाकवून बंदूक रोखतोय आणि जुना म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत उभा केलेला मामा, हात पुढंमागं, पाय पुढंमागं, विषय संपला. नुसते साचे सुधारले म्हणून एवढा फरक पडतो का? आणि जुन्याला कापाकापी करून पाय फाकवता येतील का?

साताऱ्याचा_झाकू:
भावा साचे सुधारले हे हायच, पण खरी मेख सांध्यात. जुन्यात खुंटी पॉलिस्टायरीनची (कडक प्लास्टिक) आणि भोक पण पॉलिस्टायरीनचं, कडकावर कडक घासतंय, घट्ट ठेवलं तर मोडायची भीती, सैल ठेवलं तर हात लोंबकळतो. मग डिझायनर जास्त सांधे देणार कुठून. ऐंशीच्या दशकात पॉलिकॅप आल्या, पॉलिएथिलीनच्या मऊ वाट्या, खुंटी धरून ठेवतात आणि लवकर झिजत नाहीत, तिथनं गाडी सुटली. १९९० च्या एचजीत (हाय ग्रेड) गोंद गेला, स्नॅप-फिट (नुसतं दाबून बसवायचं) आलं, एकाच रनरवर (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) चार रंग, आणि आत जुळवलेला सांगाडा आयताच. मग १९९५ ला एमजी (मास्टर ग्रेड) १/१०० मध्ये, १९९८ ला पीजी (परफेक्ट ग्रेड) १/६० मध्ये. पीजीत तर चिलखत न चढवता नुसता सांगाडा उभा करून पोझ देता येते. माझ्या मते तिथं विचारच उलटा झाला, आधी बाहेरचा आकार काढून त्यात सांधे कोंबायचे, आता आधी हाडं मग कातडं.
बाकी १९८० च्या किटात ३०० येनला त्या काळी जे दिलं ते कमी नव्हतं हां.

कृष्णाकाठची:
कापाकापीचं सांगते दादा. समोरचा स्कर्ट (कंबरेखालचं चिलखत) जुन्यात कंबरेलाच धरून आहे, मांडी वर आली की त्याला अडते. तो कापून बिजागरीसारखा लावला तर पाय पुढं जास्त येईल, पण बाजूला जायचा नाही कारण खुब्याची खुंटी फक्त पुढंमागं फिरते. त्यासाठी बॉल जॉइंट बसवावा लागतो, दुसऱ्या किटच्या उरलेल्या पॉलिकॅप असतील तर होतं. नंतरच्या बऱ्याच एचजीत दोन्ही स्कर्ट मधल्या बारीक दांडीनं जोडलेले असतात, ती निपरनं (प्लास्टिक कापायची बारीक पक्कड) कापली की दोन्ही वेगवेगळे हलतात, दोन मिनिटांचं काम.
पण मला विचाराल तर जुन्याला हात लावू नका. फक्त अर्धे भाग चिकटवून मधली शिवण घासा, रंगवा, मग बघा कसला भारी दिसतो.

निपर_नाना:
+१, आणि सगळ्यांना एक सांगतो, जास्त सांधे म्हणजे चांगलं असं नाय. २०१० च्या आरजीत (रिअल ग्रेड) १/१४४ मध्येच एमजीएवढं कोंबलंय, सांगाडा रनरवरच हलता निघतो, बघायला एक नंबर, पण रोज खेळायचं काम नाय ते. पोरांच्या हातात एंट्री ग्रेडच द्या, त्याला निपर पण लागत नाय.
जुना रंगवणार असाल तर पावसाळ्यात नको, दमट हवेत लॅकर स्प्रे पांढरट पडतो. आणि एबीएसच्या (दुसरं एक प्लास्टिक) सांध्यावर इनॅमलचा वॉश (पातळ केलेला रंग) ओतू नका, तडे जातात.

विश्रामबागकर:
लय भारी माहिती 🙏 मग जुना तसाच ठेवतो. पण खांदा आत्ताच सैल वाटतोय, त्याला काय?

साताऱ्याचा_झाकू:
खुंटीवर सुपर ग्लूचा पातळ हात मार, पूर्ण वाळू दे, मगच बसव. ओला बसवलास तर कायमचा सॅल्यूट मारत बसंल.