‘बेक करा’ला मराठीत काय लिहायचं?

कृष्णाकाठ, सांगली: बहिणीच्या बचत गटाने ओटीजी (विजेचा ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घेतलाय. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून मराठीत एक पान लिहून देतोय. पण बेक, रोस्ट, ग्रिल, टोस्ट, चारही ठिकाणी हातून ‘भाजा’च उतरतं. परवा एकीने ते वाचून बटण नुसत्या वरच्या रॉडवर ठेवलं. नानकटाई वरून काळी, खालून कच्ची. वेगवेगळे शब्द सुचवा.

वैल: भाजणं म्हणजे विस्तवाशी थेट गाठ. वांगं, कणीस, पापड. टोस्टला ‘शेकणे’ लिहा.

गावभाग: आमच्यात पाठ शेकतात, भाकरी भाजतात. आणि रवा, शेंगदाणे? मध्ये कढई असतेच की. साताऱ्यात कंदी पेढ्याचा खवासुद्धा भाजतातच.

वैल: तव्यावर भाजून झाली की भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करतात, ते शेकणं. खटावात हा फरक पोरासोरांना कळतो. सांगलीकरांना गॅस लवकर आला असावा.

शब्दप्रेमी: मूळ प्रश्न यंत्राच्या नावाचा आहे. ओटीजी ही काय भाषा झाली? संस्कृत भ्राष्ट्र, त्यावरून भट्टी. ‘घरभट्टी’ म्हणा.

गावभाग: बचत गटाने घरभट्टी लावली म्हणून पाटी लावा, संध्याकाळी उत्पादन शुल्कवाले दारात! आणि पाव पोर्तुगीजांकडून आला, तो शब्द चालतो ना तुम्हाला?

शब्दप्रेमी: रुळलेला आणि आळसाने घेतलेला, यात फरक आहे.

वाईच्या काकू: आम्ही दिवाळीत पिठाचे गोळे ट्रेमध्ये मांडून बेकरीत द्यायचो आणि ‘नानकटाई भाजून आणली’ असंच म्हणायचो. कुणाचं काही अडलं नाही. माझी कोकणातली जाऊ धोंडस, म्हणजे काकडीचा केक, करताना ‘वर-खाली विस्तव’ म्हणते. झाकणावर निखारे, खाली निखारे. तुमच्या पानावर तेच लिहा ना: नानकटाईला दोन्ही रॉड, चीज वितळवायला फक्त वरचा. क्रियापद भाजाच राहू दे.

कृष्णाकाठ: काकू, हे पटलं. पण प्रीहीटला काय?

शब्दप्रेमी: पूर्वतापन.

गावभाग: ताप येण्याच्या आधीचं काहीतरी वाटतंय. ‘रिकामा दहा मिनिटं तापवा’ लिहा की.

वैल: ‘रिकामा’ नको. रिकामं भांडं तापवू नये, असं आम्हाला लहानपणापासून बजावलंय.

वाईच्या काकू: किती लिटरचा आहे हो? लहान असेल तर ट्रे खालच्या खाचेत ठेवायला सांगा. वरचा रॉड फार जवळ येतो, बटण बरोबर असलं तरी करपतं.

कृष्णाकाठ: १६ लिटर, १५०० वॅट.

गावभाग: मग २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढणार. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका, १६चा पॉवर पॉइंट घ्या. आमचा साधा प्लग पाघळला होता.

वैल: वितळला की पाघळला? प्लॅस्टिकला पाघळणे म्हणत नाहीत.

गावभाग: म्हणतात. मिरजेत या, ऐकवतो.