मदत हवी आहे : ओंटारियोतली पहिली नोकरी ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून स्वीकारावी का?

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून पुलांच्या डिझाइनचा बऱ्यापैकी अनुभव गाठीशी आहे. पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन आम्ही नुकतेच कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात आलो आहोत. सिन (सामाजिक विमा) क्रमांक, बँकेचे खाते, पदवीचे मूल्यांकन ही प्राथमिक कामे उरकली आहेत, त्यामुळे त्याविषयी काही विचारायचे नाही. प्रश्न आहे तो हातात आलेल्या एकुलत्या एक ऑफरचा.

एका छोट्या सल्लागार कंपनीने मला ड्रॉइंग तपासणे आणि आकडेमोड करणे यासाठी बोलावले. मुलाखत चांगली झाली. नंतर ईमेलने जो करार आला, त्यात मात्र ‘कर्मचारी’ हा शब्द कुठेच नाही. मी दर पंधरवड्याला इन्व्हॉइस द्यायचे, त्यांनी तासाच्या दराने पैसे द्यायचे, कपात काहीही नाही. त्याच कराराच्या पुढच्या पानावर सकाळी साडेआठ ते पाच हजर राहणे, त्यांचाच लॅपटॉप वापरणे आणि अन्य कोणाचेही काम न घेणे या अटी आहेत. म्हणजे राबायचे नोकरासारखे आणि कागदोपत्री मात्र व्यावसायिक!

माझ्या वाचनानुसार याचा अर्थ असा, की सीपीपीचे (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे) कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे मलाच भरावे लागतील, ईआयचे (बेरोजगारी विम्याचे) संरक्षण आपोआप मिळणार नाही, कर्मचाऱ्याला मिळणारे किमान ४ टक्के सुट्टीचे वेतनही नाही, आणि सलग चार तिमाहींतली उलाढाल ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटीची (विक्रीकराची) नोंदणी करावी लागेल. खऱ्या कर्मचाऱ्याला कॉन्ट्रॅक्टर ठरवण्यास प्रांताच्या रोजगार कायद्यात मनाई आहे हेही ठाऊक आहे. करारावर काय लिहिले आहे यापेक्षा कामावर नियंत्रण कोणाचे, साधने कोणाची, नफ्यातोट्याची जोखीम कोणाची, यावरून सीआरए (कॅनडाचे महसूल खाते) निर्णय देते, आणि त्यासाठी सीपीटी१ हा फॉर्म भरून अधिकृत निर्णय मागता येतो. पण रुजू होण्याआधीच नव्या मालकाशी कायद्याची भाषा बोलायची, तर ऑफरच हातची जायची.

दुसरीकडे, नाही म्हणण्याचे धाडसही होत नाही. पीईओने (ओंटारियोत अभियंत्यांना परवाना देणारी संस्था) मे २०२३ मध्ये परवान्यासाठीची कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली, आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. जाहिरातीतून ती गेली खरी, पण फोनवर पहिला प्रश्न अजूनही ‘इथे कुठे काम केले आहे का?’ हाच असतो. त्या प्रश्नाला एक उत्तर तयार व्हावे, एवढ्यासाठी तरी ही ऑफर घ्यावी असे घरी सगळ्यांचे मत आहे. मला स्वतःला ते अर्धेच पटते, कारण पी.इंग.साठी (अभियंत्याच्या परवान्यासाठी) लागणारा ४८ महिन्यांचा अनुभव कोणीतरी जाणत्या अभियंत्याने पडताळून द्यावा लागतो, आणि या कंपनीत माझे काम प्रत्यक्ष पाहणारा परवानाधारक अभियंता कोण असेल, याचे उत्तर मुलाखतीत गुळमुळीत मिळाले.

तेव्हा अशा मार्गाने गेलेल्या जाणकारांना विचारायचे आहे. करारावर सही करण्यापूर्वी टी४ (कर्मचाऱ्याला मिळणारे वार्षिक वेतन-प्रमाणपत्र) देणारी नियमित नोकरी मागताना तुम्ही विषय नेमका कसा काढला, आणि समोरच्याने ताठर भूमिका घेतली तर निदान दोन्ही सीपीपी वाटे व सुट्टीचे पैसे भरून निघतील एवढा तासाचा दर वाढवून मागणे व्यवहार्य ठरते का? इन्व्हॉइसवर केलेले काम पी.इंग.च्या अर्जात दाखवताना कोणाला अडचण आली का? आणि सही करावीच लागली, तर देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव करारात लिहून घेण्याचा आग्रह धरणे नवख्या माणसाला शोभते की तो उद्धटपणा समजला जातो? उत्तर देण्यासाठी कंपनीने मला येत्या शुक्रवारपर्यंतचाच अवधी दिला आहे.