कलम म्हणजे जोडलेलंच झाड का?

गच्चीवरची बाग
रोपवाटिकेतून 'भगवा' जातीच्या डाळिंबाचं कलम आणलं. जोड कुठे आहे म्हणून खोड खालपासून वरपर्यंत चाचपलं, काही सापडेना. विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, गुटी कलम आहे ते." बिनजोडाचं कलम असतं का? आणि कलम 'बांधतात', 'करतात' की 'भरतात'?

रायवळ
असतं की! मराठीत कलम म्हणजे निव्वळ जोडकाम नव्हे. बियांवाचून झाडापासून झाड केलं की ते कलम. फांदी छाटून मातीत खोचली तर छाट कलम, वाकवून मातीत दाबली तर दाब कलम. फांदीची साल बांगडीएवढी गोल काढून तिथे ओलं शेवाळ प्लास्टिकने आवळलं की गुटी कलम. मुळं फुटली की खालून कापून घ्यायचं. डाळिंबात हाच प्रकार जास्त चालतो, त्यामुळे तुमची फसवणूक झालेली नाही.

शब्द अरबी, आला फारसीतून. बोरूचं टोक कापून केलेली लेखणी ती कलम. फारसीत 'कलम करणे' म्हणजे छाटणेही. म्हणजे शब्दात काप आहे, जोड नाही.

आमच्या कोकणात तर अख्खं झाडच कलम. "यंदा कलमांना मोहोर बरा आहे" म्हटलं की हापूसची बाग समजायची. बाठ्यापासून, म्हणजे कोयीपासून, आपोआप उगवलेला तो रायवळ.

काडीपैलवान
जोडकामाच्या नावांत कृती लपलेली असते. काडी म्हणजे हव्या त्या जातीच्या फांदीचा तुकडा, खुंट म्हणजे ती जिच्यावर बसवतात ते मुळांचं रोप. काडीचं टोक दोन्हीकडून तासून पाचरीसारखं केलं, ते खुंटाच्या उभ्या कापात बसवलं की पाचर कलम. कोय कलमातही पाचरच असते, फक्त खुंट कोवळा. कोय रुजून आलेल्या रोपाची पानं तांबूस असतानाच, दहा-पंधरा दिवसांत, काम उरकायचं. पानं हिरवी झाली की वेळ गेली. काडी तीन-चार महिन्यांची, निबर, डोळे (जिथून फूट येते त्या कळ्या) फुगलेले. काजूला थोडं वाढलेलं रोप घेतात, ते मृदुकाष्ठ कलम. हे नाव कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतलं, बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. आणि द्राक्षवाले सरळ 'ग्राफ्टिंग'च म्हणतात. डॉगरिजवर (हा द्राक्षाचा खुंट) ग्राफ्टिंग केलं, बस्स.

सगळ्यात सुरेख नाव भेट कलम. यात काडी आईपासून तोडतच नाहीत. कुंडीतला खुंट झाडाजवळ नेऊन दोघांची साल खरवडून एकत्र बांधतात, जीव धरला की मग तोडतात. खिरणीच्या खुंटावर चिकू असाच करत आलेत.

वऱ्हाडी
'भरतात' याचं उत्तर माझ्याकडून. संत्र्यात काडी नाही, एकच डोळा घेतात. जंबेरी या लिंबाच्या खुंटाच्या सालीला इंग्रजी टी सारखी चीर देऊन डोळा आत सरकवायचा, तो डोळा भरणे. आमच्याकडे डोळा बांधणेही म्हणतात, कारण नंतर पट्टी बांधावीच लागते. गुलाबालाही डोळाच भरतात. आंब्याचं कलम मात्र बांधायचं. 'करणे' कुठेही चालतं.

गच्चीवरची बाग
मग खुंट म्हणजे खालचं रोप. डाळिंबाला बुडातून फुटवे आलेत, काढू का?

रायवळ
तुमच्या डाळिंबाला खुंटच नाही. बुडातून आलेला फुटवाही भगवाच. गर्दी होते म्हणून काढा, जात बिघडेल म्हणून नको. त्यातला एखादा वाढवून पुढे त्याचीच गुटी बांधता येईल.

आंब्याचं, गुलाबाचं तसं नाही. जोडाखालून आलं ते खुंटाचं. गुलाबाला तसा फुटवा राहू दिला तर तो फोफावतो, वरचा डोळा मरतो आणि लोक म्हणतात, फुलाचा रंग बदलला! तो दिसला की बुडाशी मोडून काढायचा. वरवर छाटलात तर दुप्पट जोमाने येईल.