शिकारीचा घरचा चाकू: तुमचे अनुभव लिहा

सोलापूर, बार्शी, करमाळा भागात कितीतरी घरांत आज्जा-पणज्याचा घडीचा चाकू अजून आहे. ससा-तित्तराची शिकार आता नाही, आणि ती नकोच. १९७२च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीचा परवाना होता, १९९१च्या दुरुस्तीनं तो गेला. पण तो चाकू चालवायची रीत जाणणारी माणसं थकलीत. त्यांच्याकडून काय शिकलात ते लिहा.

मोहोळ
आमच्या आज्जाकडे परवाना होता आणि ठासणीची बंदूक. शाळू काढून रान मोकळं झालं की पहाटे बांधाबांधानं निघायचा, मी मागं पाण्याची पिशवी घेऊन. बंदुकीला हात लावू दिला नाही, चाकू मात्र माझ्या हातात दिला. पितळी मूठ, बोटभर पातं. सशाच्या पोटाची कातडी दोन बोटांनी उचलायची, धार वर ठेवून चिरत जायचं. टोक आत घुसलं की आतडं फुटतं, मटण वाया. काळजाची पित्ताची पिशवी अलगद काढायची, ती फुटली तर कालवण कडू. कातडं मागच्या पायांकडून सदरा काढल्यासारखं निघतं, पण धार असेल तरच. बोथट पात्यानं जनावराची विटंबना करू नये, हे त्याचं ठाम मत होतं आणि माझंही आहे. विणीच्या दिवसांत तित्तराला हात लावायचा नाही, हा नियम त्यानं कुणी न सांगता पाळला. घरी आल्यावर राखेनं घासून, करडईच्या तेलाचं बोट फिरवूनच घडी करायची. मी आजही तसंच करते.

सोलापूर शहर
आम्ही फासेपारधी. बंदूक नव्हतीच. घोड्याच्या केसांचे फासे, आणि ते वळताना टोकं कापायला आज्जीचा चाकू. तुमच्या घरी तो वारसा, आमच्या घरी सापडला की संशय. आम्हाला जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ला रद्द झाला, शिक्का राहिला. म्हणून बापानं तो कधी खिशात घातला नाही. आज्जी पाऊलखुणेवरून तित्तर कुठल्या झुडपात गेला ते सांगायची. हे ज्ञान कुणीतरी मानानं लिहून घ्यायला हवं, असं मला फार वाटतं.

सांगोला
आमच्या चाकूनं आता डाळिंबाच्या गुट्या, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली कलमं, बांधतो. फांदीची साल गोल काढायला दुसरं पातं चालत नाही.

नान्नजजवळ
आमचं रान माळढोक अभयारण्याला लागून, ते १९७९ पासूनचं. कुंपणाच्या जाळीत काळवीट अडकलं होतं. तात्यांनी डोळ्यांवर गमछा टाकला आणि चुलत्याच्या चाकूनं दोर कापले. ते उठलं आणि उधळलं. त्याच चुलत्यानं एकेकाळी ससे मारले होते. आता त्या चाकूची खीळ ढिली झालीय. मूठ न बदलता नवी खीळ ठोकून देणारा कारागीर सोलापुरात कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.