मीठ विरघळतं, मग गिझरच्या कॉइलवरचा थर का नाही?

कॉइलवाला_लातूर
गिझर दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडं बहुतेक घरांत बोअरचं पाणी. कॉइलवर पांढरा थर असा चढतो की कधीकधी ती टाकीच्या तोंडातून बाहेरच येत नाही, आधी ठोकून थर पाडावा लागतो.

बारावी सायन्सला शिकलेलं आठवतंय: पाण्याचा रेणू ध्रुवीय, ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन, म्हणून आयनिक पदार्थ, म्हणजे धन-ऋण भारांच्या कणांचे (आयनांचे) बनलेले, विरघळतात. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तोही आयनिकच. मग मीठ मूठभर टाकलं तरी दिसेनासं होतं आणि हा पाण्यात बुडून तसाच? उलट गरम पाण्यात जास्तच धरतो. आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फसफसून निघतो, ते कसं? नेटवर सगळीकडं ‘समान समानात विरघळतं’ एवढंच लिहिलंय.

मागचा_बाक
सोपं आहे भाऊ. मिठात आयनांवर एकेक भार, कार्बोनेटमध्ये दोन-दोन. त्यामुळे स्फटिकातली ओढ कितीतरी जास्त. जालक ऊर्जा, म्हणजे स्फटिक फोडून आयन सुटे करायला लागणारी ऊर्जा, मिठाची मोलमागे (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या) ७८७ किलोज्यूल, कॅल्शियम कार्बोनेटची २८०० च्या आसपास. पाण्याला एवढं ओढून काढणं जमत नाही. विषय संपला.

जुना_मास्तर
विषय संपला नाही. वरचं उत्तर लिहिलं तर पेपरात मार्क मिळतील, मीही दिले असते, पण ते अर्धंच आहे. दोन भारांचा आयन स्फटिकात घट्ट असतो हे खरं. पण त्याच दोन भारांमुळे पाण्याचे रेणूही त्याला तितक्याच जोरात धरतात! म्हणजे दोन्ही पारडी जड झाली.

आता हिशेब बघा. मीठ विरघळताना मोलमागे सुमारे ४ किलोज्यूल उष्णता *लागते*, म्हणून पाणी किंचित गार होतं. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट: जे काही थोडं विरघळतं ते विरघळताना उष्णता *सुटते*, साधारण १२ किलोज्यूल. ऊर्जेपुरतं बोलायचं तर कार्बोनेटच विरघळायला हवं. तरी लिटरभर शुद्ध पाण्यात ते दहा-पंधरा मिलिग्रॅम जातं, आणि मीठ साडेतीनशे ग्रॅमच्या वर.

अडतं ते एन्ट्रॉपीवर, म्हणजे कणांच्या मोकळेपणावर, विस्कळीतपणावर. आयन सुटला की पाण्याचे रेणू त्याच्याभोवती तोंडं वळवून शिस्तीत उभे राहतात. तालुक्याला मंत्री आला की ठाण्यातले निम्मे पोलीस बंदोबस्ताला जातात, तसं. मिठाचा आयन नगरसेवकाएवढा, दोघं-तिघं पुरतात. कॅल्शियम आणि कार्बोनेट हे दोघं मंत्री. मोकळं फिरणारं इतकं पाणी जखडलं जातं की स्फटिक सुटल्यानं मिळालेली मोकळीक त्यात बुडते. थोडक्यात, ज्या ध्रुवीयतेमुळे पाणी विरघळवतं तिचीच किंमत इथे जास्त पडते.

कॅल्शियमवर आळ घेऊ नका मात्र. कॅल्शियम क्लोराइडमध्ये तोच कॅल्शियम आहे, पण ते विरघळताना ८० किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, भांडं हाताला गरम लागतं. एवढ्या कमाईत बंदोबस्ताचा खर्च सहज भागतो. कार्बोनेटच्या १२ मध्ये भागत नाही.

गरम पाण्यात थर जास्त का, तेही यातच येतं. विरघळताना उष्णता सुटत असेल तर तापमान वाढवल्यावर विद्राव्यता घटते. पण तुमच्या कॉइलवर मोठं कारण वेगळं. जमिनीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं आणि चुना बायकार्बोनेटच्या रूपात आणतं. बायकार्बोनेटवर भार एकच, म्हणून ते सुखानं विरघळून राहतं. तापवलं की वायू निघून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. कॉइलच सगळ्यांत तापलेली, म्हणून थरही तिथंच.

लिंबूसत्त्वाचं काम याच्या उलट. त्यातले हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरतात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुडे निघतात. जोडीदारच गेल्यावर कॅल्शियमला परत स्फटिकात बसायला जागा नाही.

मागचा_बाक
मास्तर, एन्ट्रॉपीचा धडा आम्ही ऑप्शनला टाकला होता.

कॉइलवाला_लातूर
सर, पटलं. पण एक अडचण. काही घरांतला थर लिंबूसत्त्वात रात्रभर ठेवला तरी फसफसत नाही, सुटतही नाही. दिसायला तसाच पांढरा.

जुना_मास्तर
मग तो बहुधा कार्बोनेट नाही. कॅल्शियम सल्फेट असू शकेल, नाहीतर सिलिका. सल्फेट आयनाला हायड्रोजन आयन धरायची फारशी ओढ नसते, आणि धरला तरी त्यातून वायू सुटत नाही. त्यामुळे आम्ल घालून त्याला पळवता येत नाही. सिलिका तर आयनिकही नाही, सिलिकॉन-ऑक्सिजनच्या सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या) बंधांचं अखंड जाळं, पाण्याच्या ध्रुवीयतेला धरायला सुटा आयनच मिळत नाही.

आधी थराचा तुकडा काढून त्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्याचे चार थेंब टाकून बघत जा. फसफसला तर लिंबूसत्त्व, नाहीतर सरळ ठोकून काढा. आणि टाकीत मिठाचं ॲसिड (हायड्रोक्लोरिक) ओतू नका, थराबरोबर पत्राही खाईल.

कॉइलवाला_लातूर
ॲसिडवाल्या टाक्या आमच्याकडं गळून येतात सर, दुसऱ्या कुणीतरी ओतलेल्या. उद्या एक न फसफसणारी कॉइल आहे, तुकडा जपून ठेवतो.